दीडपट काठ

१

गुलाब भोयर सकाळी सव्वासात वाजता मेला आणि त्याला मारलं कोणी हे दुपारी बाराच्या आत ठरूनही गेलं. एवढ्या झटपट तर आपल्याकडे राशनकार्डावरचं चुकलेलं नावसुद्धा दुरुस्त होत नाही. पण गरिबाला चोर ठरवायचं असलं की सगळ्यांचे हात कसे भराभर चालतात.

पवनारच्या पुढे धाम नदीच्या काठावर एका गावाची नवी पाणीयोजना आहे. नदीचं पाणी उपसायला तिथे तीस फूट खोल जॅकवेल, म्हणजे सिमेंटची गोल विहीर बांधलेली. विहिरीत मधल्या उंचीवर पंपाच्या कामासाठी एक माचा टांगलेला होता. लोखंड पाण्यात गंजतं म्हणून माचा फायबरचा, आणि तो टांगलेला चार फायबरच्या पट्ट्यांवर. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला एक भोक, त्यात एक बोल्ट, आणि तो बोल्ट छताखालच्या लोखंडी तुळईत. त्या दिवशी एक पट्टी वरून सुटली, माचा कलला आणि पंप ऑपरेटर गुलाब थेट खालच्या पाइपावर पडला.

पोलिसांनी वर पाहिलं तर त्या पट्टीचा बोल्ट तुळईत नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी हातात पाना घेऊन विहिरीत उतरताना ठेकेदाराचा फिटर जंगलू मडावी याला लोकांनी पाहिलं होतं. त्याच्या घरी झडती घेतली तर डब्यात स्टेनलेसचे आठ बोल्ट सापडले. झालं. बोल्ट भंगारात विकायला काढला, माणूस मेला, जंगलू कोठडीत.

तिसऱ्या दिवशी जंगलूची बायको रामबाई देवळीला रुख्मिणी ढगे यांच्या दारात येऊन बसली. रुख्मिणीबाई आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचा वर्ग शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. फिटरच्या ट्रेडमध्ये बाईमाणूस मास्तर म्हणून आली तेव्हा पोरं तोंडात रुमाल कोंबून हसली होती, आणि महिन्याभरात तीच पोरं त्यांची चाहूल लागली की कानस सरळ धरायला लागली होती. बाईंचा राग तालुक्यात प्रसिद्ध होता. नवरा असताना म्हणायचा, हिच्या नाकावर राग नाही, राग तिथे कायमचा राहायलाच आलेला आहे.

रामबाई रडली नाही. तिने एवढंच सांगितलं की सोमवारी जंगलूला कोर्टात उभा करणार आहेत, वकील म्हणतो कबूल केलं तर शिक्षा कमी होईल. "ते बोल्ट कामावरचे उरलेले व्हते बाई. तो तं वाकडा खिळाबी फेकत नाई. आता तुमीच सांगा, त्यानं कबूल कराचं का?"

बाईंना आठवलं, वर्गात असताना जंगलूच्या कामाला त्यांनी एकदाही लाल शाई लावली नव्हती. त्यांनी स्वेटर घातला, पिशवीत मोजमापाची अवजारं टाकली आणि दाराला कुलूप लावलं.

"कबूल केलं तं याद राखजो म्हणा त्याले," त्या म्हणाल्या.

२

तुटलेला माचा आणि चारही पट्ट्या ठेवल्या होत्या कुठे, तर ठेकेदार भैयाजींच्याच आवारात. पंचनामा केला आणि सामान सांभाळायला त्यांच्याच ताब्यात दिलं. हे ऐकून बाईंनी जमादार महादेवरावांना ठाण्यातच विचारलं की मांजरीला दूध राखायला कधीपासून बसवता. महादेवरावांनी टोपी डोक्यावर चढवली. त्यांचा मुलगा बाईंच्याच हाताखालून फिटर होऊन पुलगावला कामाला लागला होता, त्यामुळे त्यांना ऐकून घेणं भाग होतं. शेवटी ते स्वतःच बाईंसोबत आवारात आले.

भैयाजी म्हणजे सहा फुटी देह आणि त्याहून मोठा आवाज. आल्या आल्या त्यांनी सुनावलं की हे लोक असेच, काम द्या तर पाना घेऊन पळतात. बाईंनी "हे लोक म्हणजे कोण" असं विचारलं तेव्हा मात्र ते ऑफिसकडे हात करून कुणाला तरी हाक मारायला लागले. मागून साइटचा सुपरवायझर मुकेश आला आणि बाईंच्या पाया पडला. मुकेश आणि जंगलू एकाच वर्षाचे, एकाच बाकावरचे. मुकेश बोलका, चटपटीत, त्यामुळे तो सुपरवायझर झाला आणि जंगलू फिटरच राहिला.

"मला फार वाईट वाटलं बाई," मुकेश म्हणाला. "पण काय सांगू, मी पडलो लोखंडातला माणूस. हे फायबर-बियबर मले समजत नाई. जंगलूनं बोल्ट काढला तं मी काय करू?"

बाईंनी पट्ट्या दाखवायला सांगितल्या. त्या ढिगाच्या खाली दबल्या होत्या. भैयाजींनी बाह्या सारून उघड्या हातांनी ओढायला सुरुवात केली, बाईही लागल्या, जमादारही लागले. मुकेश म्हणाला, आलोच, आणि ऑफिसात जाऊन पावडरचा डबा घेऊन आला. त्याने कोपरापर्यंत हातांवर पावडर चोपडली, बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून बटणं लावली आणि मग हात घातला. भैयाजी हसले, लगनाले चालला का बे. मुकेशही हसला. "घामोळं हाये भैयाजी. लय त्रास देते."

पट्टी बाहेर आली. बाईंनी ती उन्हात धरली आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"जमादार, इकडं या. हे भोक आहे का?"

महादेवरावांनी पाहिलं. भोक नव्हतंच. भोकापासून वरच्या टोकापर्यंत बोल्टाच्या रुंदीचा तुकडा सरळ निघून गेला होता. टोकाला नुसती खाच उरली होती, वरून उघडी.

"पडताना फाटलं असेल," भैयाजी म्हणाले.

"कशानं फाटलं? वाऱ्यानं?" बाईंचा आवाज चढला. "पट्टी बोल्टवर टांगली होती. वजनानं ती खाली ओढली गेली, बोल्ट जागेवर राह्यला, आणि बोल्टानं भोकाच्या वरचा काठ फाडून काढला. भोकात बोल्टच नसता तं पट्टी नुसती सटकून खाली आली असती. भोक अखंड राह्यलं असतं. रिकाम्या भोकाले फाडणारं कोण असते?"

जमादारांनी खाचेत बोट फिरवून पाहिलं.

"गुलाब पडला तेव्हा बोल्ट तुळईतच होता," बाई म्हणाल्या. "तो नंतर काढला. तुमी पोहोचाच्या आधी."

३

सगळ्यांत आधी तिथे कोण पोहोचलं हे विचारल्यावर भैयाजी आणि मुकेश दोघंही एकमेकांकडे पाहायला लागले. गावकऱ्यांनी फोन केला होता आणि दोघं एकाच गाडीतून गेले होते. मग भैयाजी वर गर्दी आवरत राहिले, मुकेश शिडीने खाली उतरला. पण भैयाजींनीही नंतर उतरून पाहिलं होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी पट्ट्या बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीची इंजिनिअर सुरभी आवारात येऊन फोटो काढून गेली होती. म्हणजे पट्ट्यांना हात लावू शकणारे तिघं.

हात लावल्याची खूणही होती. चारही पट्ट्यांच्या वरच्या टोकांना पिवळा रंग मारलेला होता. तुटलेल्या पट्टीचा रंग बाईंनी नखाने खरवडला. तो वरच्या कडेवरून ओघळून खाचेच्या आत, फाटलेल्या तंतूंवर गेला होता. फाटलेल्या जागी रंग पोचायचा तर रंग मारण्याआधी ती जागा फाटलेली हवी. म्हणजे माणूस मेल्यावर कुणीतरी निवांत बसून रंगकाम केलं होतं. एवढा निगरगट्टपणा बाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि रंगाखाली टोक कापलेलं होतं. करवतीने कापून कानशीने साफ केलेलं, कोपरे हलके गोल केलेले. असं सुबक काम की कुणाही मास्तराने पाठ थोपटावी. बाईंनी बाकीच्या तीन पट्ट्या घेतल्या आणि भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर मोजलं. पहिली चोवीस मिलिमीटर. दुसरी चोवीस. तिसरी चोवीस. भोक सोळा मिलिमीटरच्या बोल्टाचं.

सोळाची दीडपट चोवीस. 'भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत दीडपट काठ ठेवा, एक रेघ कमी नको' हा नेम त्यांनी तीस वर्षं दर पावसाळ्यात नव्या वर्गाला घोकून पाठ करून घेतला होता. ही पट्टी कापणारा त्यांच्याच हाताखालचा होता.

मोजपट्टी पिशवीत टाकून बाई आवाराबाहेर पडल्या.

४

सकाळी उठल्या तेव्हा हात कोपरापर्यंत लाल झाले होते. अशी खाज की खाजकुइलीच्या वेलात हात घातला असावा. त्याच हाताने त्यांनी सुरभीला फोन लावला. पोरगी पंचवीस-सव्वीसची असावी, आवाज घाबरलेला, पण बोलणं स्वच्छ होतं. कंपनीतून पट्ट्या निघाल्या तेव्हा भोकाच्या वर पासष्ट मिलिमीटर काठ होता, असं तिने सांगितलं. टोकांना पारदर्शक राळ लावून ती बंद केलेली होती. ती आवारात गेली तेव्हा टोकं पिवळी होती. तिला वाटलं, बसवतानाच ठेकेदाराने रंगवली असतील, आणि ढिगातून ओढून मोजायला तिला कुणी दिलं नव्हतं.

"चोवीसनं काय बिघडते?" बाईंनी विचारलं. "लोखंडात दीडपट पुरते."

"लोखंडात पुरते मॅडम. लोखंड सगळ्या बाजूंनी सारखं असतं, जोर आला की थोडं दबतं, शेजारच्या भागावर भार देतं. या पट्टीत काचेचे सगळे तंतू लांबीच्या दिशेने आहेत. आडवा धागा जवळजवळ नाहीच. बोल्टने जोर दिला की तंतू तुटत नाहीत, एकमेकांपासून सुटतात आणि मधला भाग सरकून बाहेर येतो. आधी आतल्या आत कटकट होते, बाहेरून काही दिसत नाही. मग एका दिवशी एकदम."

"मग किती लागते काठ?"

"कमीत कमी चारपट."

बाईंनी मनात हिशेब मांडला. तीस वर्षं. वर्षाला वीस-एकवीस पोरं. लोखंडाचा नेम त्यांनी जगाचा नेम म्हणून शिकवला होता. फायबर आलं, टाक्या आल्या, शिड्या आल्या, माचे आले, आणि त्यांच्याकडे ना कुणी एक कागद पाठवला ना त्यांनी स्वतः कुणाला विचारलं. सुरभीवर, कंपनीवर, सरकारवर त्या मनातल्या मनात भडकल्या आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना रागच येत होता.

आता कोंडी सरळ होती. बोल्टाची चोरी खोटी हे सिद्ध करायचं तर पट्टी कापल्याचं उघड करावं लागणार, आणि कापणारा जंगलूच निघाला तर चोरीतून सुटून तो निष्काळजीपणात अडकणार. आगीतून फुफाट्यात. त्याला वाचवायचं तर एकच गोष्ट शोधायला हवी होती, हे चूक आहे हे कापताना कुणाला ठाऊक होतं.

फोन ठेवता ठेवता बाईंनी हाताच्या खाजेवर इलाज विचारला. सुरभी म्हणाली, गरम पाणी अजिबात नको, थंड पाण्याने धुवा. काचेची बारीक कुसळं आहेत ती, कातडीत शिरतात. "आमचे कामगार फायबरला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत पावडर लावतात मॅडम, बाह्या खाली करतात. मग नाही शिरत."

बाईंनी खाजवणारा हात जागीच थांबवला. मग त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांनाच ठाऊक असते का?"

"छे. फायबरच्या कारखान्यात राबलेल्यालाच. बाहेरचा माणूस एकदा खाजवून घेतो, मगच शिकतो."

५

कोठडीत जंगलू भिंतीला टेकून बसला होता. बाईंना पाहून उभा राहिला, वर्गात राहायचा तसाच.

"पट्ट्या कोणी कापल्या?" बाईंनी विचारलं.

"म्या."

"काऊन?"

तुळई छताच्या फार जवळ बसवलेली होती, त्याने सांगितलं. पट्ट्यांचं वरचं टोक छताला अडत होतं, बोल्ट भोकात जातच नव्हता. तुळई खाली घ्यायची तर पुन्हा फोडकाम, नव्या पट्ट्या मागवायच्या तर पंधरा दिवस, आणि उद्घाटनाला तीन दिवस राहिलेले. मुकेश म्हणाला, टोक काप. जंगलूने विचारलं, काठ किती ठेवू. मुकेश म्हणाला, बाईनं काय शिकवलं तुले.

"मग म्या दीडपट ठेवला. एक रेघ कमी नाई," जंगलू म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही नीट काम केल्याचा थोडा अभिमान होता. तो ऐकून बाईंना गजांवर डोकं आपटावंसं वाटलं.

आणि पंधरा दिवसांपूर्वी पाना घेऊन कशाला उतरला होतास, तर मुकेशनेच पाठवलं होतं. माचा कटकटतो अशी गुलाबची तक्रार होती. जंगलूने चारही बोल्ट पाहिले, ते घट्टच होते, तरी सांगितलं म्हणून आणखी थोडे आवळले. हे पोलिसांना का नाही सांगितलं असं बाईंनी विचारलं. त्याने सांगितलं होतं. साहेब म्हणाले, म्हणजे पाना घेऊन गेला होता हे कबूल आहे ना.

तिथून बाई गुलाबच्या घरी गेल्या. घरात तेराव्याच्या आधीची ती रिकामी शांतता होती. त्याची मुलगी अंकिता नर्सिंगला होती. तिने बापाचं पंपाचं रजिस्टर स्वतःजवळ ठेवलं होतं, पोलिसांनी मागितलंच नव्हतं. किती वाजता पंप सुरू, किती वाजता बंद, आणि मधे गुलाबच्या बाळबोध अक्षरात तीन नोंदी. 'माचा वरून कटकट वाजतो. मुकेशभाऊला फोन केला.' आठ दिवसांनी, 'जंगलूने बोल्ट आवळले. आवाज तसाच. मुकेशभाऊला फोन केला. म्हणे फायबर आहे, वाजतेच.' तिसरी नोंद मरणाच्या आदल्या दिवशीची. 'मुकेशभाऊने फोन उचलला नाही.'

अंकिताने विचारलं, बाबा ज्याच्यामुळे गेले तो तुमचा विद्यार्थी ना. बाईंनी हो म्हटलं. कुठला विद्यार्थी, हे त्यांनी सांगितलं नाही. उद्या कळणारच होतं.

६

रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना आवारात जमवलं. जमादार महादेवराव, भैयाजी, नागपूरहून बसने आलेली सुरभी, आणि मुकेश. भैयाजींच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे होते. जमादारही मनगट खाजवत होते.

बाईंनी आधी सुरभीला सगळ्यांसमोर विचारलं, कापलेलं टोक उघडं राहिलं असतं तर तुझ्या कंपनीचा फायदा होता की तोटा. फायदा, सुरभी म्हणाली. साइटवर कापलंय हे दिसलं असतं, आमच्यावर काही आलंच नसतं.

"म्हणजे रंग हिनं नाई मारला. स्वतःचा पुरावा कोण पुसते?" बाई भैयाजींकडे वळल्या. "आता तुमी. बोल्टाची चोरी ठरली तं तुमचा फायदा होता. बोल्ट तुमी काढू शकत होते. पण कारखान्यातून येते ते टोक बंद असते आणि करवतीनं कापलेलं टोक उघडं असते, त्याच्यावरून तपासणारा ओळखते, हे तुमाले ठाऊक होतं का?"

"मले काय माहीत बाप्पा," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसाएवढा झाला होता.

"नव्हतंच माहीत. माहीत असतं तं उघड्या हातानं पट्टी धरली नसती आणि तीन दिवस असे खाजवत बसले नसते. मले नव्हतं माहीत, जमादारांना नव्हतं. चौघांत एकच माणूस असा होता ज्यानं आधी हाताले पावडर लावली, बाह्या खाली केल्या आणि मग हात घातला."

मुकेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "बाई, सांगतलं ना, घामोळं."

"डिसेंबरात? मी स्वेटर घालून उभी होती तुह्यासमोर."

भैयाजी सावकाश मुकेशकडे वळले. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि ते जुळताना त्यांचा चेहरा काळवंडत गेला. "लोखंडातला माणूस? चार वर्षं सुरतेले फायबरच्या कारखान्यात होता म्हणून तं तुले ठेवला बे. पगार त्याचाच मागतला होता तू."

मग बाईंनी गुलाबचं रजिस्टर उघडून तिन्ही नोंदी वाचल्या. त्यांनी रजिस्टर फटकन मिटलं. "तुले चारपट ठाऊक होतं. जंगलूनं विचारलं तेव्हा तू सांगतलं नाई. गुलाबनं फोन केला तेव्हा आतून पट्टी सुटून राह्यली हे तुले कळलं होतं, तरी तू जंगलूले पाना देऊन पाठवलं, म्हणजे उद्या काही झालं तं त्याचं नाव पुढं यावं. माणूस खाली पाइपावर पडला होता मुकेश. तो जिवंत आहे का हे पाहाच्या आधी तू बोल्ट काढला."

"मेलताच तो," मुकेश म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला जमादारांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याचा चटपटीतपणा क्षणात उतरला आणि आतला संताप वर आला. त्यालाही संताप होता, का नसावा. "पंधरा दिवस थांबलो असतो तं नोकरी गेली असती. तुळई चुकीची बसवली ते माह्यावर आलं असतं. मले वाटलं, निभून जाईल. उद्घाटनाले वीस माणसं उभी होती त्याच्यावर, काही झालं नाई. बोल्ट विहिरीत टाकला, जा काढा. आणि मले काय विचारता बाई? काप म्हणलं म्या, दीडपट नाई म्हणलं. दीडपट तुमचं हाये. तुमच्या नेमानं मेला गुलाब."

महादेवरावांनी पेन वर केलं आणि बाईंकडे न पाहता म्हणाले की शेवटचं वाक्य काही लिहायची गरज नाही, रागात माणूस काहीही बोलतो.

"लिहा," बाई म्हणाल्या.

"बाई, कशाले उगाच..."

"लिहा म्हणते ना. जंगलू मडावीनं काठ दीडपट ठेवला कारण रुख्मिणी ढगे यांनी त्याले तसं शिकवलं. त्यांना या मालाची माहिती नव्हती आणि त्यांनी ती करून घेतली नाही. हे लिहिलं नाई तं उद्या यांचा वकील उभा राहील आणि म्हणेल, फिटरनं मनानं कापलं. माह्या नावाखाली मी सही करते. आणा इकडं."

त्यांनी सही केली. हातावरच्या चट्ट्यांमुळे पेन धरताना त्रास होत होता, पण अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. मुकेशला नेताना तो पुन्हा पाया पडायला वाकला, सवयीने असेल. बाईंनी पाय मागे घेतले.

७

सोमवारी कोर्टाने जंगलूला घरी जाऊ दिलं. चौकशीला बोलावलं की यायचं, एवढीच अट. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर रामबाई, जंगलू आणि बाई बाकावर बसले. भैयाजींनी कामावर परत ये असा निरोप पाठवला होता. रामबाईने त्या निरोपावर दोन अस्सल शिव्या हासडल्या आणि चहा मागवला.

जंगलू कपाकडे पाहत होता. आभार त्याने मानले नाहीत, आणि बाईंना ते बरं वाटलं. कप खाली ठेवून त्याने विचारलं, "बाई, काठ मंग किती ठेवाचा होता?"

"चारपट. सोळाच्या बोल्टाले चौसष्ट."

जंगलूने डाव्या हाताची चार बोटं जुळवून बाकाच्या कडेवर आडवी ठेवली. तेवढंच अंतर होतं. तो आपल्या बोटांकडे पाहतच राहिला.

"एवढा तं आमी बांबूले सोडतो," तो म्हणाला. "टोकाजवळ भोक पाडलं तं बांबू उभा चिरते. माह्या बापानं लहानपणीच सांगतलं होतं, चार बोटं सोडजो. ती पट्टी कापताना करवतीले बांबूसारखीच लागत होती बाई. उभी उभी. म्या दोनदा थांबलो."

"मग काऊन कापली रे?" बाई जवळजवळ ओरडल्या. टपरीवरचे लोक वळून पाहायला लागले.

जंगलूने बोटं बाकावरून काढून घेतली.

"तुमीच म्हणलं होतं ना, घरचे अंदाज घरी ठेवून येत जा, इथं नेमानं काम कराचं."

रामबाईने चहाचा कप बाईंपुढे सरकवला. तो त्यांनी घेतला नाही.